लीजवरची जोडी

ऑगस्ट २०२५ मधल्या पोळ्याची गोष्ट. आदल्या दिवशी मी भंडाऱ्याच्या गांधी चौकात एका लाकडी बैलासाठी घासाघीस करत उभा होतो. विकणारा म्हणत होता, बैल सागाचा आहे. मी म्हणत होतो, आडजात आहे. खरं काय ते दोघांनाही माहीत होतं, पण बाजारात पहिल्याच बोलीला खरं बोलणं बरं दिसत नाही. शेवटी त्यानं बैलाच्या शिंगांना दोन पितळी शेंब्या ठोकून दिल्या. "भंडाऱ्याचं पितळ हाय जी, बैल मोडन पन शेंबी नाही मोडाची," असं म्हणाला आणि सौदा पटला. पैसे काढायला खिशात हात घातला, तर तो माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाला, "मांगं पाहा ना जी."

भंडाऱ्यात मागून काही येत असलं की आधी कानाला कळतं. ट्रॅक्टरची ट्रॉली कळते, सायलेन्सर काढलेली बुलेट कळते. ई-रिक्षाला आवाज नसतो, म्हणून तो बिचारा गाणी लावून फिरतो. हे मात्र काही न सांगता येऊन माझ्या पाठीला नाक लावून उभं होतं. नाक म्हणजे जाळी. आमच्या देवघराचं दार तिच्यात सहज बसलं असतं. काच खाली गेली आणि आतून माझे नागपूरचे साळेबुवा उगवले.

"भाऊजी, ऐकू नाही ना आली? इलेक्ट्रिकवर आहे. नागपूरपासून पेट्रोलवर आणली, बॅटरी आपल्या भंडाऱ्यासाठी राखून ठेवली."

नंतर कळलं की नुसती राखली नव्हती, वाटेत भरलीही होती. या गाड्यांत एक सोय असते. ती सुरू केली की इंजिन चाकं फिरवता फिरवता बॅटरीही भरत जातं. साळेबुवांनी पारडी नाक्याला ती सुरू केली आणि भंडाऱ्यात शिरताना बंद केली. या साठ किलोमीटरच्या वाटेत मौदा लागतो. मौद्याला एनटीपीसीचं २,३२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्या केंद्रावरून हा माणूस शंभरी ओलांडलेलं पेट्रोल जाळत, पळीपळीनं घरगुती वीज काढत आला. का, तर बहिणीच्या गावात शिरताना आवाज होऊ नये. वाजतगाजत येणारे सोयरे आम्ही पुष्कळ पाहिले होते, गुपचूप येण्यासाठी इतका खर्च करणारा पहिलाच.

गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. आमच्या घरात पाच माणसांनी ते पाच तऱ्हेनं उच्चारलं आहे आणि पाचही चूक आहेत असं साळेबुवांचं म्हणणं आहे. जात तेवढी सांगतो: प्लग-इन हायब्रीड. पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय विजेची मोटर आणि एकोणीस युनिट वीज मावेल एवढी बॅटरी. ती मोबाइलसारखी भिंतीला लावून भरायची, की कागदावर सत्तरेक किलोमीटर नुसत्या विजेवर, पुढे पेट्रोलवर. हल्ली टॅक्सीतही दिसणाऱ्या साध्या हायब्रीडला ही वायर नसते. त्या ब्रेक मारता मारता आपल्यापुरती वीज कमावतात, गरिबाघरच्या पोरांसारख्या. वायरवाली जात मात्र आपल्याकडे आली तीच श्रीमंताघरी. व्होल्वोनं २०१६ मध्ये एक्ससी ९० टी ८ आणली ती सव्वा कोटीची. डिसेंबर २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूची एक्सएम आली ती २ कोटी ६० लाखांची. ऑगस्ट २०२४ मधली लॅम्बोर्गिनीची उरुस एसई ४ कोटी ५७ लाखांची. पेट्रोल वाचवायची हौस माणसाला कुठल्या थराला नेते पाहा.

सरकारला मात्र या जातीचं प्रेम नाही. निव्वळ विजेच्या गाडीला ५ टक्के जीएसटी आणि कौतुकाची हिरवी पाटी. हिला तेव्हा सेससकट ४३ टक्के आणि पाटी पांढरीच. साळेबुवांनी गाडी एप्रिलात उचलली आणि २२ सप्टेंबरपासून ४३ चे ४० झाले. त्या तीन टक्क्यांबद्दल आम्ही नंतर हळहळ व्यक्त केली, तर म्हणाले, "माझी थोडीच आहे?"

हे 'माझी थोडीच आहे' प्रकरण आम्हाला त्या पहिल्या संध्याकाळीच कळलं आणि ते कळवून घेतलं आमच्या बाबांनी.

बाबांचं वय ८२. अड्याळकडे आमची दोन एकर बांधी आहे. हातपाय चालत होते तोवर त्यांनी ती केली. मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायला लागलो, म्हणजे शेतीच्या दृष्टीनं वाया गेलो, तेव्हा त्यांनी बैलजोडी विकली आणि जमीन शेजारच्या बांधीवाल्याला ठेक्यानं दिली. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत ते धानात काढतात. गाडी अंगणात माझ्या एमएच ३६ वाल्या स्कूटरशेजारी येऊन उभी राहिली तेव्हा ते ओसरीतून उतरले, एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "केवढ्याची?"

"सव्वा कोटीच्या आसपास आहे काकाजी, पण..."

'पण'पर्यंत बाबा थांबलेच नाहीत. मला म्हणाले, "काढ." मी मोबाइल काढला. त्या हंगामाचा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. सव्वा कोटीचे झाले ५,२७६ क्विंटल. आमच्या दोन एकरांत बरं वर्ष असलं तर चौतीस क्विंटल होतात. म्हणजे रोवणीची, खताची, कापणीची एक दमडी न धरता, तोंडातला घास न खाता, दीडशेहून जास्त वर्षं. ही गाडी २०२५ मध्ये दारात यायची तर आमच्या घराण्यानं इंग्रजांच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्येच परे टाकायला हवे होते.

"वजन?"

"सव्वादोन टन."

"छप्पन कट्टे," बाबा पुटपुटले. चाळीस किलोचा एक कट्टा, हे गणित त्यांना मोबाइलशिवाय येतं. "आन बसनार एकटा मानूस."

मग जात विचारली. हायब्रीड म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडला. आमच्याकडे हा शब्द गाडीच्या फार आधी जवारीबरोबर आला, आणि काही फार चांगलं नाव कमावून राहिला नाही. कणीस हे भलं मोठं आणि भाकर बेचव. पुढे फोफसं, बिनचवीचं असं जे जे दिसेल ते हायब्रीड ठरलं, त्यात आमची पिढीही आली. बाबांचा मुख्य आक्षेप मात्र चवीचा नाही. "हायब्रीडचं बी ठेवता येत नाही. दर सालाले नवीन इकत घ्या." शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या बांधीत निवडून निवडून एचएमटी नावाचं धान काढलं. ते बी ओंजळीओंजळीनं गावोगाव गेलं आणि त्याला नाव पडलं ते त्या वेळी सगळ्यांना हवं असलेल्या घड्याळाचं. बाबांच्या लेखी वाण असावं तर असं. "हिचं पिल्लू ठेवता येते का?" त्यांनी बोटानं बॉनेट दाखवत विचारलं.

"काकाजी, पिल्लू काय, मला हीसुद्धा ठेवता येत नाही," साळेबुवा म्हणाले. "विकत नाही घेतली. लीजवर आहे."

"ठेक्यानं," बाबा म्हणाले.

मी वाणिज्य शिकवतो. लीज म्हणजे काय हे समजावायला मला वर्गात दोन तास लागतात, फळा लागतो आणि शेवटी पोरं परीक्षेत भलतंच लिहितात. बाबांनी एका शब्दात विषय संपवला आणि बाज ओढून ओसरीत बसले. आता ते आपल्या विषयात होते.

"किती सालाचा?"

"चार."

"देनं किती?"

"महिन्याला सव्वादोन लाख. पगारातूनच कापतात."

"आन पीक कोनाचं?"

"पीक?"

"कमाई गा. ठेक्यानं घेतली म्हंजे कमावत असन ना काई. भाडं मारते का?"

"नाही काकाजी. मी ऑफिसला जातो तिच्यात."

"म्हंजे पडीत ठेक्यानं घेतली." बाबांनी तंबाखू मळायला घेतली. "चाल. लेखी हाय का तोंडी?"

इथं साळेबुवांची छाती फुगली. "चौतीस पानांचं ॲग्रीमेंट आहे. पानापानावर सही."

बाबांच्या हातातली तंबाखू थांबली. "कोनी लिवून देल्लं? मालकानं? सोताच्या हातानं? येडा हाय का तो? कूळ लागन ना!"

हे नागपूरकराला समजावून सांगावं लागलं. आमचा ठेका दर अक्षय तृतीयेला ओसरीतच ठरतो. एकरी बारा कट्टे, चहा, आणि "बरं मंग". चिठ्ठी नाही, सही नाही, साक्षीदार म्हणून आमचं मांजर. कारण बाबांच्या पिढीनं विदर्भासाठीचा १९५८ चा कूळवहिवाट कायदा जवळून पाहिला आहे. 'कसेल त्याची जमीन' हे ज्यांनी ऐकलं त्यांचे दोन तट पडले. कसणारे आनंदानं उड्या मारू लागले आणि मालक कागदाला भिऊ लागले. बाबा दोन एकरांचे मालक असले तरी भीती बाळगतात ती दोनशे एकरांची. सातबाऱ्यावर नाव त्यांचं, पीक पाहणीत नाव त्यांचं. ठेकेदाराचं नाव कुठंही कागदाला लागू द्यायचं नाही, या एका तत्त्वावर आमची इस्टेट उभी आहे. आणि इथं एक कंपनी सव्वा कोटीची वस्तू, चौतीस पानं लिहून, चार वर्षं परक्याच्या ताब्यात देऊन निवांत झोपली होती.

"ताबा तुमचा ना? मंग वापस कायले करता? चार साल हाकली म्हंजे लागलं कूळ. आरशी बुकावर नाव चढवून घ्या."

मी उगाच मध्ये तोंड घातलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २, पोटकलम ३०. मालक कोण याची व्याख्या तिथं आहे आणि गाडी लीजवर असेल तर करारानुसार जिच्या ताब्यात ती आहे ती व्यक्ती मालक, असं कायदा म्हणतो. बाबांनी गुडघ्यावर थाप मारली. "पाहा! मी का म्हनलो?" मग मला सांगावं लागलं की हे मालकपण चालान फाडायच्या, अपघाताच्या वेळचं. विकायची वेळ आली की मालक पुन्हा लीजिंग कंपनी. बाबांना यात काही नवल वाटलं नाही. कोर्टाची पायरी चढताना कूळ पुढे आणि धान मोजताना मालक पुढे, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

आयकराच्या हिशेबात तर गंमतच होती. कंपनीनं कामासाठी आणि घरच्यासाठी मिळून दिलेली गाडी, इंजिन १.६ लिटरहून मोठं, तर कर्मचाऱ्याला मिळालेल्या या सुखाची किंमत त्या वर्षीच्या नियमात महिन्याला २,४०० रुपये. ड्रायव्हर असेल तर आणखी ९००. गाडी पंधरा लाखांची असो की सव्वा कोटीची. आमच्या खात रोडला २,४०० रुपयांत एक खोलीसुद्धा मिळत नाही, आणि मिळाली तर तिच्या सीटा गरम होत नाहीत.

"आन चार सालानं?" बाबांनी विचारलं.

चार वर्षांनी गाडीची किंमत काय उरेल हे आजच लिहून ठेवलेलं असतं, असं साळेबुवांनी सांगितलं. गाडी ६० हजार किलोमीटरच्या आत चालवायची, वर गेलं की दर किलोमीटरला दंड. परत करताना कंपनीचा माणूस येतो, सगळ्या अंगावरून हात फिरवतो, ओरखडे मोजतो. ठरावीक लांबीच्या आतला ओरखडा वापराचा म्हणून माफ, त्याहून मोठा असेल तर पैसे.

"म्हंजे दात पाहाते," बाबा म्हणाले. "बराबर हाय. पन चार साल म्हंजे बैल सहा दाती. आता कुठं कामाले येनार, तवा वापस? आमी तर जुळल्यावर खरा वापराले काढो." मग जरा थांबून, दया आल्यासारखे, "खाऊन घ्या, पाहुने," म्हणाले.

रात्री चार्जिंगचा कार्यक्रम झाला. साळेबुवांनी डिकी उघडली आणि आतून जाड केबल काढली. ती कारखान्यातून निघाली तशीच प्लास्टिकच्या पिशवीत होती, पिशवीला चिकटपट्टीसकट. गाडी घेऊन चार महिने झाले होते. बायको म्हणाली, "दादा, अजून काढलीसुद्धा नाही?" ते म्हणाले, खराब होते. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट सात वर्षांपासून पिशवीत आहे, त्यामुळे आम्ही कोणत्या तोंडानं हसणार? पण हा काही आपला भारतीय स्वभाव नव्हे. ब्रिटनमध्ये कंपन्यांनी नोकरांना लीजवर दिलेल्या अशा गाड्या परत आल्या तेव्हा काहींच्या केबल वेष्टनातच होत्या, हे २०१८ मध्ये तिकडच्या बातम्यांत आलं होतं. पुढे २०२२ मध्ये आयसीसीटी या संशोधन संस्थेनं युरोपातला हिशेब काढला. कंपनीच्या प्लग-इन हायब्रीड गाड्या एकूण अंतरातलं जेमतेम ११ ते १५ टक्के विजेवर चालतात. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या निम्म्याच्या जवळ जातात. युरोपियन कमिशननं २०२४ मध्ये सांगितलं की रस्त्यावरच्या या गाड्यांचा धूर कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट आहे.

कारण फार खोल नाही. साळेबुवांनी ते बाथरूमच्या खिडकीतून वायर ओढता ओढता सांगितलं. पेट्रोलचं कार्ड कंपनीचं असतं आणि विजेचं बिल घरचं.

बाथरूमची खिडकी यासाठी, की आमच्या घरात पंधरा अँपिअरचा धड पॉइंट एकच आहे आणि तो गिझरचा. एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही असं केबलवरच लिहिलेलं. मग गाडी मागच्या बोळात उलटी घातली, संडासाच्या टाकीच्या झाकणावर चाक येऊ नये म्हणून चार विटा लावल्या आणि सव्वा कोटीचं ते मुख आमच्या न्हाणीघराकडे करून उभं केलं. शेजारचे लेलँडवाले काका टॉर्च घेऊन आले. ते गडेगावच्या अशोक लेलँडमधून निवृत्त झाले आहेत, आयुष्य गिअरबॉक्सच्या संगतीत गेलं. त्यांनी बॉनेटला कान लावला, आत काहीच नाही असं ऐकून नाराज झाले आणि म्हणाले, "गाडी हाय का फ्रीज?"

"किती वेळ लागेल?"

"या पॉइंटवर आठ तास."

आठ हा आकडा ऐकून बाबा जागे झाले. वर्षानुवर्षं शेतीच्या पंपाला दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास थ्री फेज, याच पाळीवर त्यांनी रात्री काढल्या आहेत. लाइन आली की उठायचं, बटण दाबायचं, गेली की पुन्हा झोपायचं. आम्ही सगळे झोपलो आणि बाबा बोळात बाज टाकून बसले. रात्री साडेअकराला लाइन गेली. दोन वाजता आली. तीनला पुन्हा गेली. पहाटे आली तेव्हा बायकोला अंघोळीचं पाणी तापवायचं होतं, कारण पोळा होता, आणि गिझर व गाडी यांच्यात तिनं क्षणभरही विचार केला नाही. सकाळी साळेबुवांनी पडद्यावर पाहिलं, बॅटरी १९ टक्के. बाबांच्या डोळ्यांत पाणी भरताना चारी अर्धी कोरडी राहिलेल्या शेतकऱ्याची कळा होती. बायको मात्र आजही त्या महिन्याचं बिल जपून ठेवून आहे. मीटर तीनशे युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये गेलं ते या गाडीमुळे की कूलरमुळे, हा खटला आमच्या घरात प्रलंबित आहे.

पोळ्याच्या दिवशी बाबा एरवी जरा गप्प असतात. दारात जोडी नाही, तरी आदल्या संध्याकाळी ते कोणाच्या तरी गोठ्यात जाऊन बैलांचे खांदे शेकून येतात. त्या दिवशी ते ट्रंकेजवळ बसलेले दिसले. आतून जुनी झूल निघाली, आरशांचे तुकडे लावलेली, दोन ठिकाणी कसरीनं खाल्लेली. ती त्यांनी कोणाला न विचारता गाडीच्या बॉनेटवर पसरली. समोरच्या जाळीला घुंगुरमाळ बांधली. साळेबुवा चौतीस पानांपैकी कुठलं तरी पान आठवत पुढे झाले, पण बहिणीनं डोळे मोठे केले तसे मागे सरले.

पूजा झाली आणि नैवेद्याला अडचण आली. बाबांनी पुरणपोळीचा घास हातात धरला आणि विचारलं, "खाते कोन्या तोंडानं?"

पेट्रोलचं झाकण मागे उजवीकडे, विजेचं पुढे डावीकडे. दोन्ही तोंडंच. साळेबुवांनी प्रामाणिकपणे मागचं दाखवलं. बाबांनी दोन्हीकडे घास दाखवला, कुंकू लावलं आणि मला हळूच म्हणाले, "ही जोडी बेस नाही जमली." शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, त्यांना भारी नाद. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये बंदी घातली तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं होतं आणि मे २०२३ मध्ये कोर्टानं परवानगी कायम केली तेव्हा पुन्हा सुरू केलं. जोडीतले दोन्ही बैल एका चालीचे लागतात, हा त्यांचा सिद्धान्त. एक पन्नास किलोमीटर पळून बसकण मारणार आणि दुसऱ्यानं त्याला छप्पन कट्ट्यांत धरून पुढे ओढायचं, असा पट कोणता धुरकरी हाकेल? मी आजवर या गाड्यांवर पुष्कळ वाचलं. बॅटरी संपली की तिचं वजन उरतं, ही गोष्ट इतकी चटकन मला कोणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी बैल सजवून मैदानात नेतात, मग घरोघर फिरून बोजारा गोळा करतात. हा सण आमच्या विदर्भाचा, पुण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. आमचा सात वर्षांचा पोट्टा धोतर नेसून, मिशा काढून तयार होता. बैलाच्या पितळी शेंब्या चिंच लावून घासल्यामुळे लखलखत होत्या. साळेबुवा कालच्या आणि आजच्या पुरणपोळ्यांखाली दबून आत झोपले होते. मी बोळात आलो तेव्हा पोट्टा बैल वळवत होता. चाकं लाकडी, बोळ अरुंद, त्यात ती गाडी. दोरी ओढली, बैल कलंडला आणि 'चर्रर्र' असा एक आवाज झाला. तीन दिवसांत त्या गाडीपासून निघालेला तो पहिला स्पष्ट आवाज.

मागचं डावं दार. वीतभर, थोडा बाकदार, अगदी खालच्या पांढऱ्या थरापर्यंत.

"बाबा," पोट्टा रडवेला होऊन म्हणाला, "शेंबी वाकली."

बैल मोडला नव्हता. विकणाऱ्याचे दोन्ही शब्द खोटे ठरले, बैलाचाही आणि शेंबीचाही. मी ओरखड्यावर थुंकी लावून पाहिली, धोतराच्या सोग्यानं पुसून पाहिला. वाणिज्याचा प्राध्यापक म्हणून मला 'झीज व घसारा' हे प्रकरण तोंडपाठ आहे, पण ते इथं लागू होईना. तेवढ्यात बाबा आले. त्यांनी दाराच्या कातड्यावरून बोट फिरवलं, बैलाला कोणी पराणी टोचली तर फिरवतात तसं. काही बोलले नाहीत. आत गेले आणि वाटीत तेलात कालवलेला गेरू घेऊन आले. उजवा पंजा त्यात बुडवला आणि दारावर असा नेमका उमटवला की तो वीतभर ओरखडा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आत झाकून गेला. आमचे बाबा शेतकरी, हात मोठा.

मी सुटकेचा श्वास सोडला तर ते म्हणाले, "थांब." पलीकडे जाऊन उजव्या दारावरही एक पंजा मारला. मग पुढच्या दोन दारांवर. "एकाच अंगाले मारला तं इचारन ना तो." शेवटी डिकीवर एक. गाडी आता पोळ्यात उभ्या केलेल्या बैलासारखी दिसू लागली. नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे बोळातून जाणाऱ्या एकानं "कोनाच्या प्रचाराची जी?" असं विचारलंही.

साळेबुवा उठून बाहेर आले. पाचही पंजे पाहिले. त्यांचा कंठ दाटून आला. "काकाजी," ते म्हणाले, "शोरूममध्ये केक कापला होता, पण पूजा आज झाली." आणि बाबांच्या पाया पडले. बाबांनी गेरूनं माखलेला हात मागे लपवून डाव्या हातानं आशीर्वाद दिला. मी खाली, पोट्ट्याच्या बैलाकडे पाहत होतो. मग गाडीसोबत फोटो झाले, ते स्टेटसला गेले. संध्याकाळी पाच पंजे घेऊन ती निघाली. विजेवर नव्हे, बॅटरीत काही उरलं नव्हतं. इंजिन धडधडत सुरू झालं तसे लेलँडवाले काका ओट्यावरून समाधानानं म्हणाले, "आता कशी मर्दावानी बोलली!"

पूजेचं म्हणून साळेबुवांनी गाडी बरेच दिवस धुतली नाही. आमचे ते दिवस बरे गेले. गणपती बसले, उठले. मग एका रविवारी पितळ उघडं पडलं. फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो, आणि बाबांना ऐकू यावं म्हणून आमच्या घरात फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"भाऊजी, गाडी धुतली आज."

"हो का."

"मागच्या डाव्या दारावर..."

"गेरू निघाला नाही का?"

"गेरू निघाला."

पुढे दोन्हीकडे शांतता. पोट्टा ताटात पाहू लागला. बायको माझ्याकडे पाहू लागली, तिला काहीच माहीत नव्हतं. बाबांनी घास संपवला, पाणी प्याले आणि फोनकडे वाकून मोठ्यानं विचारलं, "पाहुने, तो दात पाहानारा कवा येनार हाय?"

"दोन हजार एकोणतीसला, काकाजी."

"मंग आतापासून कायले रडता?" बाबा म्हणाले. "तुमची थोडीच हाय?"